वायरीवरच्या गाठी

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दिघीजवळच्या कोळीवाड्यात रिकामा माणूस सापडायचा नाही. कुणी होडीला रंगाचा शेवटचा हात मारत असतो, कुणी इंजिनाचं तेल बदलत असतो, आणि घराघरात नारळ खवले जात असतात. नलूच्या अंगणात मात्र त्या दुपारी वेगळंच चाललं होतं. तिची पांढरी व्हॅन उभी, डाव्या बाजूचं दार सताड उघडं, पुढची सीट उचलून मागे टाकलेली, आणि बासष्ट वर्षांची नलू लुगडं घट्ट खोचून सीटखालच्या इंजिनात वाकलेली. शेजारच्या मनुबाईने कुंपणावरून दोनदा डोकावून पाहिलं. तिसऱ्यांदा तिला राहवेना.

"काय गो नलू, आत काय पडलं?"

"पडलं काय न्हाय. प्लग बदलते."

"तू?"

"मग काय मुंबयसनं सायब बोलवू?"

नलूच्या जिभेची धार जन्माची. मासळीच्या धंद्यात मऊ बोलून भागत नाही असं ती म्हणते, पण ती धंद्यात नसती तरी अशीच बोलली असती. त्या दुपारी मात्र तिच्या आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. गाडी आज सुरू झाली नाही, तर उरलेलं आयुष्य आपल्या हातात राहणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

झालं होतं असं. दोन महिने व्हॅन कुरकुरत होती. सपाटीवर कशीबशी जायची, पण तळे गावाच्या अलीकडच्या चढणीला लागली की गचके द्यायची आणि अर्ध्यातच मान टाकायची. एकदा मागून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने तिचा उद्धार केला. एकदा एका ट्रॅक्टरवाल्याला दया आली, आणि त्याने दोर बांधून तिला पाट्यांसकट वर ओढून नेलं. म्हसळ्याच्या एका मेकॅनिकने तर सीटसुद्धा न उचलता निकाल देऊन टाकला, "मावशी, इंजिनात दम नाय राहिला. भंगारात द्या." हे विनेशच्या कानावर गेलं. विनेश तिचा मुलगा, उलव्याला राहतो, कंटेनर यार्डात कामाला आहे. त्याने फोन केला.

"आई, आता बस झालं. सोमवारी भंगारवाला येतोय, मी बोलून ठेवलंय. पौर्णिमा झाली की तू आमच्याबरोबर चल. भाविका पण तेच म्हणते."

"सुनेला माजी एवडी काळजी कवापास्नं?"

"आई, मस्करी नको. एकटीने काय करणार तू तिथे?"

"आनि तळ्याला कोन जाईल?"

"कशाला जायचं तळ्याला? खूप केलंस."

 नलू म्हणाली, "गाडी चढन चढली तर?"

विनेश हसला. "चढली तर ठेव. मी परत नाव काढणार नाही."

पोरगा वाईट नाही. आईला आरामात ठेवावं एवढंच त्याच्या मनात. पण उलव्याच्या सातव्या मजल्यावर नलू करणार काय? खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघणार. वीस वर्षं आठवड्यातून दोनदा ती तळ्याच्या बाजारात बसत आली होती. कुठल्या घरात सुकट निवडून लागते, कोण श्रावण पाळतं आणि कोण पाळतो म्हणून सांगून गुपचूप जवळा नेतं, मोहल्ल्यात कुणाकडे बोंबील जास्त जातात, हे सगळं तिला तोंडपाठ. तिच्या शेजारी सोनाबाई बसायची, आतल्या गावातली शेतकरीण, भाजीच्या जुड्या घेऊन. नलूला यायला उशीर झाला तर सोनाबाई तिच्या जागेवर गोणपाट टाकून ठेवायची आणि त्या गोणपाटावर पाय ठेवणाऱ्याशी भांडायची. नलूला उलव्यात असं कोण भेटणार होतं?

फोन ठेवल्यावर तिचा दिवस काही नीट गेला नाही. पौर्णिमा जवळ आली म्हणून तिने पडवी झाडायला काढली, आणि खुंटीवरची सदाची गरीची, म्हणजे गळाची, दोरी खाली घेतली. दोरीला लटकवलेली वजनं एकमेकांवर वाजली, आणि नलू हातातली केरसुणी तशीच धरून उभी राहिली.

सदा तिचा नवरा. आयुष्यभर मासेमारी बोटीवर तांडेल होता, बोटीचा म्होरक्या. त्याच्या दोरीला शिशाची वजनं नव्हती, गाडीचे जुने प्लग होते. दर वर्षी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो व्हॅनचे तिन्ही प्लग बदलायचा, आणि काढलेले तीन प्लग बारीक दोऱ्याने बांधून दोरीच्या कामाला ठेवायचा. "इंजिनात मेला तरी पान्यात जगंल," म्हणायचा. काही दगडात अडकून गेले, काही राहिले. नलूने राहिलेले हाताने चाचपले. सगळे गंजलेले. गेली दोन वर्षं त्यात नवा प्लग आलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात सदा छातीत कळ येऊन गेला. त्या पौर्णिमेला घरात दुःख होतं, आणि पुढच्या पौर्णिमेला तिचं मनच झालं नाही. त्याच्या दिवशी त्याच्या कामाला हात लावणं म्हणजे तो गेला हे मान्य करणं, असं काहीतरी तिला वाटलं होतं.

"अगो बाय," ती स्वतःशीच म्हणाली, "प्लग बदललंच न्हाय की."

आणि म्हणून ती आज इंजिनात वाकली होती.

सदाला पहिल्यापासून प्लगचं कौतुक होतं असं समजू नका. उलट त्याला ते अपमानास्पद वाटायचं. तो डिझेलवर वाढलेला माणूस. बोटीच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, डिझेल आतल्या दाबानेच पेट घेतं, आणि तेच खरं इंजिन, हा त्याचा सिद्धान्त. वीस वर्षांपूर्वी नलूच्या हट्टापायी सेकंडहँड व्हॅन घरात आली, तेव्हा सीट उचलून आत बघून तो म्हणाला होता, "ठिनगीवर चालतंय म्हंजे इंजिन हाय का फटाका?"

तरी पहिल्याच पौर्णिमेला, बोटीचं इंजिन खोललं तसं त्याने हेही खोललं. तिन्ही वायरी एकदम उपसल्या, तिन्ही प्लग काढले, साफ करून परत बसवले, आणि मग हातात तीन वायरी धरून उभा राहिला. कुठली कुठे होती? वायर चुकली तर ठिणगी चुकीच्या वेळी पडते. हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणणं तांडेलाच्या रक्तात नव्हतं. त्याने अंदाजाने वायरी खोचल्या आणि चावी फिरवली. असा बार उडाला की कोंबड्या कौलांवर गेल्या. मनुबाईने वाळत घातलेल्या जवळ्याचं सूप तिच्या हातून उलटं झालं. मनुबाईने ही गोष्ट आजही सोडलेली नाही.

संध्याकाळपर्यंत अदलाबदल करून एकदाची गाडी लागली. तेव्हा नलूने जुनी लुगडी काढली आणि तीन चिंध्या फाडल्या. हे तिच्या धंद्यातलं शहाणपण. व्हॅन यायच्या आधी वाड्यातल्या बायका एकाच टेम्पोने पाट्या घेऊन जायच्या. उजाडायच्या आत पाट्यांचा ढीग लागायचा, म्हणून जी ती आपल्या पाटीला आपल्या रंगाची चिंधी बांधायची. नलूने तीच अक्कल इंजिनाला लावली. पुढच्या वायरीला लाल, मधल्या वायरीला हिरवी, मागच्या वायरीला पिवळी.

"इंजिन हाय का तुजी पाटी?" सदा पोट धरून हसला. पण चिंध्या त्याने कधी सोडल्या नाहीत. मूळच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या आणि त्याने एकाच मापाच्या तीन नव्या वायरी आणून बसवल्या, तेव्हाही त्याच चिंध्या त्यांच्यावर चढल्या.

मग ते दोघांचं कामच होऊन बसलं. तो प्लग काढायचा, ती बॅटरीचा उजेड धरायची. तो शिकवत राहायचा, तिने विचारलं नसलं तरी. "इंजिन गार पायजे. भोकातली धूळ आधी फुंक, न्हायतर आत जाईल. नवा प्लग पैला हातानं फिरव, पाना लावू नको. आटे आपसूक बसलं पायजेत. मग पाना, मग इवलासा जोर, बस. दर्यावरच्यासारका आवळशील तर इंजिनाचं माथं फुटंल." नलू म्हणायची, "मला कशाला सांगता? मी काय मेकॅनिक होनार हाय?" पण ऐकायची. हे ऐकणं तिला आवडायचं, हे ती त्याला कधी बोलली नाही.

पुढे पुढे तो बॅटरीसुद्धा नको म्हणायला लागला. "ठेव ती. हातांना म्हायत हाय सगळं." नलूला ती बढाई वाटली. नव्या प्लगची फट तेवढी तो तिच्याकडून बघून घ्यायचा. करवतीच्या पात्याचा तुकडा तिच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तू बघ, पातं अडकून जातंय का. तुजी नजर बारीक." या शब्दावर ती आतून फुलायची. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने केलेली स्तुती मोजायला एका हाताची बोटं पुरली असती, त्यातली ही एक.

पन्नाशीत नलू गाडी चालवायला शिकली ती याच सदामुळे. एके दिवशी त्याने बोट सोडली. गुडघे धरतात, म्हणाला. पाठोपाठ व्हॅनची चावीही तिच्या हातात दिली. "आता तू चालव. माजी कंबर ऱ्हात न्हाय." दिघीच्या मैदानात त्याने तिला शिकवलं आणि अख्खा वाडा बघायला जमला. पंधरा दिवसांत नलू पाट्या भरून तळ्याला निघाली, आणि सदा शेजारच्या सीटवर तंबाखू मळत बसला.

हे मात्र नलूच्या मनाला लागलं. बाई मरमर मरते, गाडी हाकते, पाट्या उचलते, आणि नवरा जहागीरदारासारखा शेजारी बसतो. वर त्याची तोंडाची टकळी. "खाडीला पानी कितपत हाय गो? पलीकडनं फेरीबोट निगाली का? समोरनं कोन येतंय? लावनी झाली का त्या तुकड्यात?" दर फेरीला हेच. पहिले काही दिवस तिने उत्तरं दिली. मग ती वैतागून म्हणायची, "डोळं हायत ना तुमाला? बगा की." सदा हसायचा. "तुज्या तोंडून बरं वाटतं."

तेच ते ऐकून तिच्या नाकी नऊ यायचे. बाजारात तिने सोनाबाईला कितीदा सांगितलं होतं, "आळशी मानूस. डोळं फिरवायचं सुद्दा काम मलाच लावतो."

आता अंगणात नलूने सदाचा डबा उघडला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावरचं चित्र कधीच उडून गेलेलं. दोन वर्षांत तिने तो उघडला नव्हता. वरच तेलकट कागदाची पुडी होती. उलगडली तर आत तीन नवे कोरे प्लग. तो गेला त्या वर्षीच्या पौर्णिमेसाठी आधीच आणून ठेवलेले. नलूने पुडी मांडीवर ठेवली. मनुबाई कुंपणापलीकडून काही बोलली, ते तिला ऐकू आलं नाही.

खाली प्लगपाना होता. त्याच्या दांड्यावर नायलॉनच्या दोऱ्याचे वेढे. हात घसरू नये म्हणून असतील, असं ती कायम समजत आली होती. स्क्रू ड्रायव्हरला दोन वेढे, लहान पान्याला एक. करवतीच्या पात्याला एका टोकाशी खाच. नलूने सगळं फडक्यावर मांडलं आणि कामाला लागली.

वायरी तिने तिन्ही एकदम उपसल्या. चिंध्या आहेत म्हटल्यावर चिंता कसली? भोकातली धूळ फुंकली, पाना बसवला, दांडा घालून जोर लावला. पहिला प्लग हलेना. ती दोन्ही हातांनी लटकली, तेव्हा तो करकरत सुटला. काळा ठिक्कर. मधला ओला होता, पेट्रोलचा वास मारत होता. म्हणजे हाच मेलेला. मागच्याचं टोक झिजून गेलं होतं. म्हसळ्याचा तो मेकॅनिक समोर असता, तर नलूने तिन्ही प्लग त्याच्या हातावर ठेवले असते आणि चार शब्द सुनावले असते.

नवे प्लग तिने हाताने फिरवले. आटे आपसूक बसले. मग पाना, मग इवलासा जोर. तिच्या जिवात जीव आला. आता वायरी. तिने हात घालून पहिली वायर उजेडात ओढली आणि लाल चिंधी शोधली.

लाल नव्हती. हिरवी नव्हती, पिवळी पण नव्हती. वीस वर्षांचं तेल, धूळ आणि खारा वारा खाऊन तिन्ही चिंध्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या, आणि तो रंग काळा होता. तिने रॉकेलमध्ये बोळा बुडवून घासलं. काळ्याखालून राखाडी निघालं, दुसरं काही नाही.

"मेली मी," नलू म्हणाली.

तिला स्वतःचाच राग आला. जी चूक वीस वर्षांपूर्वी नवऱ्याने केली म्हणून अख्खा वाडा हसला, तीच तिने केली होती, आणि तीही स्वतःच्या शहाणपणावर विसंबून. तिने अंदाजाने वायरी खोचल्या, सीट तशीच उलटी ठेवून चावी फिरवली. गाडीने दोन आचके दिले आणि फाट्कन बार उडाला.

"आलं गो, आलं माज्या ध्यानात!" मनुबाई पलीकडून ओरडली. "वीस वरसांमागं पन असंच झालं व्हतं. माजा जवळा..."

"मनुबाय, तुजा जवळा मी दर्यातून परत आनून देते, पन आता गप ऱ्हा!"

गाडीची बॅटरी आधीच मरायला टेकलेली. दिवा पिवळा पडला होता. आणखी एकदा, फार तर दोनदा चावी फिरली असती, मग संपलंच. आज विनेश यायचा होता. अंगणात उघडी पडलेली गाडी बघून तो काही बोलला नसता, नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला असता. त्या हाताचीच नलूला भीती वाटत होती.

तिने पुन्हा वायरी काढल्या. रॉकेलने एक चिंधी सैल झाली होती, ती नखाने वर सरकवली. आणि बोटाला काहीतरी लागलं.

चिंधीखाली, वायरीवरच, जाळ्याच्या बारीक नायलॉनची गाठ होती. डोळ्यांना दिसणारही नाही अशी, वायरीच्याच रंगात मळलेली. पण बोटाला स्पष्ट लागत होती. एक गाठ. तिने दुसरी वायर घेतली, चिंधी सारली. एकाशेजारी एक अशा तीन गाठी. तिसरीवर दोन.

ही गाठ नलूने आंधळी होऊनही ओळखली असती. सदाची गरीची दोरी अशीच होती. पाण्याची खोली कळावी म्हणून एका वावेवर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढ्या लांबीवर, एक गाठ, दोन वावांवर दोन, तीन वावांवर तीन. अंधारात होडीत बसून तो दोरी बोटांतून सोडायचा आणि गाठी मोजायचा. बघावं लागत नाही, म्हणायचा.

बघावं लागत नाही.

नलूचा हात वायरीवरच थांबला. तिने फडक्यावर मांडलेल्या हत्यारांकडे पाहिलं. पान्यावरचे वेढे. स्क्रू ड्रायव्हरला दोन, लहान पान्याला एक. पात्याची खाच. हे काही घसरू नये म्हणून नव्हतं. हे चाचपून ओळखण्यासाठी होतं. बॅटरी ठेव, हातांना माहीत आहे. तू बघ, तुझी नजर बारीक. आता तू चालव. खाडीला पाणी कितपत आहे गो?

सदाला दिसत नव्हतं.

अगदी ठार आंधळा नसेल. घरात वावरायचा, वाटा पायाखालच्या होत्या, माणसं आवाजावरून ओळखायचा. पण बोट त्याने गुडघ्यांसाठी सोडली नव्हती आणि चावी कंबरेसाठी दिली नव्हती. दहा वर्षं तो तिच्या शेजारी बसून तिच्या तोंडून खाडी बघत होता. आणि ती त्याला म्हणत होती, डोळे आहेत ना तुम्हाला?

का सांगितलं नाही, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. सासरा काळूराम आठवला. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं आणि तो होता नव्हता तेवढाही उजेड घालवून घरी आला. अकरा वर्षं नलूने त्याला हात धरून ओट्यावर बसवलं, हात धरून परसात नेलं. मनापासून केलं, पण थकली. सासरा गेला त्या दिवशी, पोरं आत झोपलेली असताना ती सदाला म्हणाली होती, "एका जन्मात एवडं पुरं झालं हो." 

त्याने ते ऐकून ठेवलं होतं.

नलू गाडीच्या पायरीवर बसली आणि रडली. तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. मनुबाई घाबरून कुंपण ओलांडून आली.

"काय झालं गो? गाडी गेली का?"

"गाडी कुठं जातीया," नलू म्हणाली. "मीच आंधळी निगाली, मनुबाय."

मनुबाईला काही कळलं नाही. ती नुसती शेजारी बसली आणि नलूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जरा वेळाने नलूने डोळे पुसले, तेलाचा हात तोंडाला लागला, आणि ती उठली. होडीवर सगळी मोजणी नाळेकडून होते, पुढून मागे. म्हणजे एक गाठ पुढे, दोन गाठी मध्ये, तीन मागे. तिने इंजिनात पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले आणि वायरी बोटांनी ओळखून बसवल्या. प्रत्येक वायर खट् करून बसली.

चावी फिरवली. बॅटरी कण्हली, दमली, थांबतेय असं वाटलं, आणि इंजिन लागलं. तिन्ही प्लगांवर, एका लयीत. नलूने पाय दाबला, सोडला. गचका नाही, कुरकुर नाही. जुने तीन प्लग तिने पदराच्या टोकाला बांधले आणि त्याच संध्याकाळी गरीच्या दोरीला लावले. दोऱ्याची गाठ मात्र तिला सदासारखी जमली नाही, सैल बसली.

पौर्णिमा झाली, दर्याला नारळ गेला, भाविकाच्या हातचा नारळीभात नलूने काही खोड न काढता खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाट्या भरल्या. विनेश चप्पल घालून पुढच्या दाराशी आला. चढण चढते की नाही ते त्याला स्वतः बघायचं होतं.

"मागं बस," नलू म्हणाली. "ती जागा रिकामी ऱ्हाऊ दे."

विनेश मुकाट्याने मागे पाट्यांमध्ये बसला. व्हॅन वाड्याबाहेर पडली, दिघीचा रस्ता मागे पडला, डावीकडे खाडी उघडी झाली. आणि नलू बोलायला लागली. तोंड रस्त्याकडे, पण आवाज शेजारच्या सीटकडे.

"खाडी भरलीया. भरतीचं पानी पार झाडांच्या बुडाला लागलंय. फेरी पलीकडनं निगाली हाय, तिच्यावर दोन ट्रक हायत, एक लाल, एक निळा. पयली बोट भायेर गेली बगा, तिला नवा हिरवा रंग काडलाय. त्या वळनावरच्या तुकड्यात लावनी चांगली लागलीया. समोरनं एसटी येतीया, रिकामीच हाय."

"आई," मागून विनेश हळूच म्हणाला, "कुणाशी बोलतेस?"

"तुज्या बापाशी. दहा वरसांचं बाकी हाय. तू गप बस."

 म्हसळं मागे गेलं. तळ्याच्या अलीकडची चढण लागली, तसा त्याने पाट्यांना हात लावून धरलं, गचका येईल म्हणून. नलूने दुसरा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज खोल झाला आणि गाडी वर निघाली. ज्या वळणावर ती मान टाकायची ते वळण आलं आणि गेलं. नलूने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ती आपलं सांगतच होती, धबधब्याची धार कुठे बारीक झालीय, डोंगरावर ढग कुठे टेकलाय, कुणाच्या घराला नवे पत्रे आले आहेत ते. तिचे डोळे वाहत होते, आणि ते पुसायला तिने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.

वर पोचल्यावर मागून विनेश म्हणाला, "आई, सोमवारच्या माणसाला मी नको सांगतो."

नलूने ऐकलं की नाही कोण जाणे. बाजार दिसायला लागला होता. तिने गाडी सावकाश केली आणि रिकाम्या सीटकडे जरा कलून म्हणाली,

"आलं तळं. सोनाबायनं गोनपाट टाकून ठेवलंय बगा. दिसलं ना?"